सबव्हर्जनचा डेल्टा एडिटर पायथनमधून वापरताय? या चुका टाळा

सबव्हर्जन म्हणजे फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली, आणि एका कमिटने (बदल नोंदवण्याने) तयार होणारी आवृत्ती म्हणजे रिव्हिजन. एका रिव्हिजनमध्ये काय काय बदललं, हे सबव्हर्जन तुमच्या स्क्रिप्टला यादी देऊन सांगत नाही. ते झाडाच्या मुळापासून निघतं, बदल असलेल्या फोल्डरांत उतरतं आणि वाटेत जे लागेल त्यासाठी तुमच्या क्लासमधली एकेक मेथड बोलावतं. या मेथडींचा संच म्हणजे डेल्टा एडिटर. पायथन आणि पर्लची बाइंडिंग, म्हणजे सबव्हर्जनची सी लायब्ररी त्या भाषांतून वापरू देणारे दुवे, स्विग या साधनाने बनवलेली असल्यामुळे मूळ सी एपीआयचे सगळे रीतिरिवाज इथेही पाळावे लागतात.

कॉपी केलेल्या फोल्डरमधल्या फायली दिसत नाहीत

मी यात अर्धा दिवस घालवलाय. कमिटनंतर बदललेल्या फायलींची यादी मेल करणारी स्क्रिप्ट होती. कोणीतरी ट्रंकवरून (मुख्य फोल्डरवरून) ब्रांच काढली, म्हणजे त्याची कॉपी केली, आणि त्याच कमिटमध्ये एक फाइल दुरुस्त केली. यादीत आल्या दोनच ओळी: एक फोल्डर, एक फाइल. बाकीच्या शेकडो फायली गायब! मी रिप्लेवर (रिव्हिजनमधले बदल एडिटरला पुन्हा ऐकवणाऱ्या फंक्शनवर) संशय घेत बसलो, पण चूक माझीच होती.

सबव्हर्जनमध्ये कॉपी स्वस्त असते. त्यामुळे ॲड-डिरेक्टरी एकदाच येते, सोबत कॉपीफ्रॉम-पाथ आणि कॉपीफ्रॉम-रिव्हिजन (कॉपी कुठून आणि कोणत्या रिव्हिजनमधून झाली) घेऊन. आतलं जे जसंच्या तसं आलं त्याबद्दल एक अक्षरही नाही. दुरुस्त केलेल्या फाइलसाठी मात्र ओपन-फाइल येते, ॲड-फाइल नाही. तेव्हा कॉपीफ्रॉम-पाथ आधी तपासा. तो नन (पायथनमधलं 'काहीच नाही') असेल आणि रिव्हिजन उणे १, तर फोल्डर खरोखर नवं. नाहीतर आतल्या फायली हव्या असतील तर त्या जुन्या रिव्हिजनचं रूट उघडून तुम्हीच मोजा.

तुलना कधीच जुळत नाही

२०२० मध्ये आलेल्या १.१४ आवृत्तीपासून ही बाइंडिंग पायथन ३ वर चालतात, आणि तिथे पाथ बाइट्स म्हणून येतो. साध्या स्ट्रिंगशी बरोबरी तपासली तर एरर येत नाही, गुपचूप फॉल्स मिळतं. स्टार्ट्सविथ निदान टाइपएरर तरी देतं, त्यामुळे ते परवडलं. मेथडमध्ये शिरताच पाथ यूटीएफ-८ ने डीकोड करून टाका. आणखी एक खोच: एडिटरला मिळणाऱ्या पाथच्या सुरुवातीला तिरकी रेघ नसते, बदललेल्या पाथची डिक्शनरी देणाऱ्या पाथ्स-चेंज्ड फंक्शनमधल्या पाथला असते. दोन्हीकडची माहिती एकाच डिक्शनरीत भरली की एकच फाइल दोनदा दिसते.

पॅरेंट बॅटन नन येतो

बॅटन म्हणजे एका मेथडीने पुढच्या मेथडीसाठी दिलेली तुमची स्वतःची वस्तू. ओपन-रूटमधून तुम्ही जे परत द्याल तेच पुढच्या मेथडीला पॅरेंट बॅटन (वरच्या फोल्डरचा बॅटन) म्हणून मिळतं. रिटर्न विसरलात की मिळतो नन. 'सध्याचं फोल्डर' एका व्हेरिएबलमध्ये ठेवून हे टाळायचा मोह होतो, तो आवरा. मजकुराचे डेल्टा मागाहून पाठवण्याची मुभा एपीआय देतं, त्यामुळे फोल्डर बंद झाल्यावरही एखाद्या फाइलची क्लोज-फाइल येऊ शकते.

डिलीट आणि रिप्लेस

डिलीट-एन्ट्री फक्त पाथ सांगते. गेलेलं फोल्डर होतं की फाइल, हे आधीच्या रिव्हिजनमध्ये पाहावं लागतं. त्याच पाथवर लगेच ॲड आली तर ते रिप्लेस. हा हिशेब स्वतः लिहू नका. रेपॉस मॉड्यूलमधला चेंजकलेक्टर तो नीट करतो, आणि मला विचाराल तर बहुतेक हुक-स्क्रिप्टना (कमिटसारख्या घटनेला आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टना) तेवढाच पुरतो.

मजकुरातला फरक मिळत नाही

ॲप्लाय-टेक्स्टडेल्टामधून येणाऱ्या विंडो म्हणजे जुन्या बाइट्सवरून नवे कसे बनवायचे याच्या सूचना असतात. त्यात ओळी शोधू नका. साध्या रिप्लेमध्ये तर त्याही नसतात, थेट शेवटची नन विंडो येते. ओळींचा डिफ हवा असेल तर एफएस मॉड्यूलमधला फाइलडिफ घ्या. मजकुराशी देणंघेणंच नसेल तर हँडलरऐवजी नन परत द्या, चालतं.

कमिट अर्धवट राहते

कमिट एडिटर तुम्हीच चालवत असाल तर क्लोज-एडिटशिवाय नवी रिव्हिजन तयार होत नाही. मध्ये एक्सेप्शन आलं तर अबॉर्ट-एडिट बोलवा, नाहीतर ट्रान्झॅक्शन (अजून पक्कं न झालेलं कमिट) रिपॉझिटरीत लटकून राहतं. अशी लटकलेली ट्रान्झॅक्शन एसव्हीएनॲडमिन या कमांडच्या एलएसटीएक्सएनएसने दिसतात आणि आरएमटीएक्सएनएसने काढता येतात. फक्त काढण्याआधी कोणाचं कमिट चालू नाही ना ते बघा, कारण चालू ट्रान्झॅक्शनही त्याच यादीत असतात.