दक्षिणावर्ती शंख घेण्यापूर्वी त्याच्या तोंडात बोट घालून पाहावे

यात्रेच्या दुकानात दक्षिणावर्ती म्हणून मोठ्या किमतीला दाखवला जाणारा पांढरा शंख अनेकदा आपल्या समुद्रातला नसतोच. ते अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात राहणाऱ्या 'बसायकॉन सिनिस्ट्रम' या शिकारी गोगलगायीचे कवच असते. आपला पूजेचा शंख, म्हणजे 'टर्बिनेला पायरम', हाही मांसाहारीच आहे आणि मन्नारच्या आखातातील वाळूत तो कृमी खाऊन जगतो. बसायकॉन मात्र शिंपल्यांवर तुटून पडते आणि आपल्या कवचाची कड दोन शिंपांच्या फटीत पाचरीसारखी घालून त्यांना उघडते.

आधी पिळाची दिशा पाहावी. त्याचा सराव धानाच्या बांधीतल्या, तोंडाला झाकण असणाऱ्या मोठ्या गोगलगायीच्या रिकाम्या कवचावर करता येतो. फिरकीचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले की तोंड उजव्या हाताला येते, आणि नेहमीचा शंखही असाच दिसतो. याच रीतीने धरल्यावर ज्याचे तोंड डावीकडे येते, तो दक्षिणावर्ती. नाव उलटे वाटते, कारण परंपरेत शंखाची फिरकीच्या विरुद्ध टोकाची निमुळती पन्हळ वर धरून डावे-उजवे ठरवतात. फसगत इथेच होते: खऱ्या शंखात असा उलटा पीळ अतिशय दुर्मीळ असतो, बसायकॉनच्या या जातीत मात्र तो नेहमीचाच, त्यामुळे डाव्या तोंडावरून काहीच सिद्ध होत नाही.

निकाल लागतो तो तोंडाच्या आत. कवच तिरपे धरून टॉर्चचा उजेड मधल्या खांबावर, म्हणजे ज्याभोवती कवचाचा पीळ फिरतो त्या दांड्यावर, पाडावा आणि बोट जाईल तितके आत सरकवावे. खऱ्या शंखाच्या खांबावर ३ ते ४ ठळक वळ्या असतात व त्या बोटाला पायऱ्यांसारख्या लागतात. बसायकॉनचा खांब गुळगुळीत असतो.

बसायकॉनच्या खांद्यावर गाठी आणि कोवळ्या कवचावर विजेच्या रेघांसारखे तपकिरी पट्टे असतात, परंतु वयाबरोबर ते फिके पडतात, म्हणून रंगावर विसंबू नये. कानाला लावून गाज ऐकण्याची परीक्षा तर सोडूनच द्यावी; रिकामा गडवा कानाला लावला तरी तसाच आवाज येतो. दुकानदार आत बोट घालू देत नसेल, तर निदान टॉर्च लावून खांब दाखवायला सांगावे, आणि वळ्या दिसल्यावरच किंमत विचारावी.