वस्तरा बदलला की दाढी का बदलते? या चुका टाळा

हात तोच, साबण तोच, तरीही एका वस्तऱ्याने दाढी गुळगुळीत होते आणि दुसऱ्याने गालाची आग होते, तेव्हा दोष बहुधा वस्तऱ्याच्या कंपनीला दिला जातो. वास्तविक वस्तऱ्यावर कोणाचा शिक्का आहे यापेक्षा त्याला शेवटची धार कोणी आणि कशी लावली, हे अधिक निर्णायक असते. पोलादाने आणि पात्याच्या घडणीने फरक पडतो, हे खरे; परंतु मुळात धार नीट नसेल तर तो फरक जाणवतच नाही.

त्यामुळे नवा वस्तरा खोक्यातून काढून थेट गालाला लावणे ही पहिली चूक होय. जर्मनीतील झोलिंगेन या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तो शिक्का वस्तरा कोठे घडला याची ग्वाही देतो. मात्र तो दाढीला तयार आहे, याची हमी त्या शिक्क्यात नसते. अनेक नव्या वस्तऱ्यांना दगडावर पुन्हा धार लावावीच लागते. त्यासाठी साधारणतः १००० नंबरच्या दगडावर धारेची बैठक, म्हणजे कडेवर नीट मिळणारे दोन्ही बाजूंचे उतार, तयार करून पुढे ४०००, ८००० आणि शेवटी १२००० अशा क्रमाने जावे लागते; नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. पाते टोकाकडे कापत असेल आणि मुठीकडे ओढत असेल, तर बैठकच अपुरी राहिली आहे असे समजावे आणि बारीक दगडावर तासभर घासत न बसता १००० वर परत जावे.

धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली असावी लागतात, कारण धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरूनच ठरतो आणि तो बहुतेक वस्तऱ्यांत १६ ते १८ अंशांच्या आसपास असतो. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती, विशेषतः नाशिकच्या गल्ल्यांतून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर, चांगला वस्तरा देणे मला अक्षम्य वाटते. त्याचे चाक स्वयंपाकघरातील विळीला ठीक आहे; पण वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की कोरड्या चाकावर ती क्षणात तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि त्यानंतर कितीही घासले तरी धार टिकत नाही. कडेवर निळसर झाक दिसली, तर तेथील पोलाद मऊ पडले आहे असे निश्चित समजावे.

धार चांगली असेल तर मग घडणीचा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंनी खोलवर घासून पातळ केलेले पाते हलके असते आणि खुंट कापताना त्याचा बारीक आवाज हाताला दाढीचा अंदाज देतो. परंतु चार दिवसांच्या राठ दाढीवर तेच पाते लवचिकपणामुळे किंचित थरथरते. पाचरीसारखे जाड पाते, जसे इंग्लंडमधील शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्यांत आढळते, अशा दाढीतून वजनाच्या जोरावर सरळ जाते, मात्र हनुवटीखाली ते वळवताना अवघड वाटते. दोन्ही वस्तरे सारख्याच जोराने चालवणे ही चूक आहे. जोर दोन्हींना नकोच, पण पातळ पात्याला तो मुळीच सहन होत नाही. दाढी करताना पात्याचा गालाशी कोन साधारण ३० अंशांचा ठेवावा. तो वाढला की कातडी खरवडली जाते.

सलूनमधील अर्धे ब्लेड बसवलेल्या वस्तऱ्याशी घरच्या अखंड वस्तऱ्याची तुलना करणेही अन्यायाचे आहे. तेथे प्रत्येक गिऱ्हाइकाला कारखान्यातून आलेली नवी कोरी धार मिळते, आणि रक्तावाटे पसरणारे आजार लक्षात घेता तसेच असायला हवे. अखंड वस्तरा मात्र एकाच माणसाने वापरावा.

दाढीपूर्वी धार सरळ करण्यासाठी वस्तरा ज्यावर ओढतात तो चामड्याचा पट्टा ढिला धरला, तर त्याला झोळ पडतो आणि धार गोलावते. पट्टा ताणून धरावा, पाठ पुढे व धार मागे ठेवून पाते ओढावे आणि परतताना ते पाठीवरूनच उलटावे.

कित्येकदा वस्तरा निर्दोष असतो आणि खोट पाण्यात निघते. नाशिकच्या अनेक सोसायट्यांत बोअरचे जड पाणी येते. त्यात साबणाचा फेस पातळ राहतो आणि केस पुरेसे भिजत नाहीत. थंडीत तर दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने दाढी भिजवल्याशिवाय कोणत्याही वस्तऱ्याची परीक्षा करू नये.

पावसाळ्यात वस्तरा न्हाणीघरात ठेवल्यास कडेवर सूक्ष्म गंज चढतो आणि कालपर्यंत चांगला चालणारा वस्तरा ओढू लागतो. तो पुसून, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून कपाटात ठेवावा. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा मात्र इतरांपासून दूर ठेवावा, कारण ती मूठ कुजू लागली की तिच्यातून सुटणाऱ्या वायूने शेजारचे पोलादही गंजते.