व्हॉइस को-पायलट ऐकत नाही? या चुका टाळा

टेकऑफ झालं, "पॉझिटिव्ह रेट" (विमान चढतंय) असं ऐकू आलं, तुम्ही "गिअर अप" म्हणालात आणि चाकं जागची हलली नाहीत. पुन्हा म्हणालात, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा ओरडलात आणि शेवटी कीबोर्डवरची 'जी' कळ दाबून मोकळे झालात. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये आवाजावर चालणारा को-पायलट नव्यानं घेतला की सुरुवातीला अनेकांचं असंच होतं. मग "आपले उच्चार याला कळतच नाहीत" असं ठरवून तो कायमचा बंद केला जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ही विमानं दोघांनी मिळून उडवायची म्हणूनच बनली आहेत. एकानं उडवायचं, दुसऱ्यानं लक्ष ठेवायचं, लिव्हर हलवायचे, चेकलिस्ट वाचायची. घरी एकट्यानं बसून ही शिस्त शिकायची तर व्हॉइस को-पायलटइतकं उपयोगी दुसरं काही नाही. आणि उच्चारांमुळे अडतं त्यापेक्षा इतर कारणांनीच जास्त वेळा अडतं.

अडलं कुठे, ते आधी शोधा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच वेळी सगळं बदलणं: माइक बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, विमानही दुसरं घेतलं. मग नेमकं कशानं सुधारलं किंवा बिघडलं ते कधीच कळत नाही. तुमचा आदेश चार टप्प्यांतून जातो. माइक आवाज घेतो, स्पीच इंजिन त्याचे शब्द करतं, को-पायलटचा प्रोग्राम ते शब्द आपल्या यादीत शोधतो आणि शेवटी विमानाला कळवतो. बोललेल्या शब्दांवरून कळा दाबणाऱ्या व्हॉइसअटॅकसारख्या प्रोग्राममध्ये लॉगची (नोंदींची) खिडकी असते आणि काय ऐकलं ते तिथे उमटतं. तिथे काहीच आलं नाही तर दोष माइककडे. भलतेच शब्द आले तर भाषा, उच्चार किंवा गोंगाट. शब्द अगदी बरोबर आले आणि विमान तरी ढिम्म असेल, तर माइकला हातसुद्धा लावू नका. गडबड पुढे आहे. एवढं एक पाहिलं तरी अर्धी संध्याकाळ वाचते.

माइक: बहुतेक वेळा दोषी हाच

विंडोजचं स्पीच रेकग्निशन डीफॉल्ट म्हणून ठरलेल्या माइकमधूनच ऐकतं. नवा वेबकॅम जोडला, व्हीआर हेडसेट लावला, की विंडोज कधीकधी परस्पर डीफॉल्ट बदलतं. तुम्ही हेडसेटमध्ये बोलत राहता आणि संगणक ऐकत असतो मॉनिटरवरच्या वेबकॅममधून. म्हणून उड्डाणाआधी साउंड सेटिंग्जमध्ये इनपुटची पट्टी पाहायची आणि माइकवर बोटानं हलकेच टकटक करायची. पट्टी हलली नाही तर चुकीचा माइक चालू आहे. मायक्रोफोन प्रायव्हसीच्या पानावर डेस्कटॉप अॅप्सना परवानगी आहे का, तेही बघून घ्या.

ब्लूटूथ हेडसेट या कामाला घेऊ नका. त्याचा माइक चालू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा दर्जा एकदम खाली येतो. इंजिनांचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटायला लागतो. साधा, वायरचा यूएसबी हेडसेट यापेक्षा कितीतरी बरा.

मग खोलीतला गोंगाट. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पंखा बंद करून बसणं कोणालाच जमणार नाही, पण माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याशी, थोडा खाली ठेवला तर वारा आणि श्वास दोन्ही त्यात शिरत नाहीत. कुकरची शिट्टी, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न. आणि गणपतीच्या आधीचे काही आठवडे तर नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा डेक्कन-नारायण पेठेच्या बाजूला संध्याकाळी सतत ऐकणारा माइक ठेवून उपयोगच नाही. अशा वेळी पुश-टू-टॉक वापरा: जॉयस्टिकवरचं एक बटण दाबून धरलं तरच को-पायलट ऐकेल. मी तर म्हणेन, बाराही महिने असंच ठेवा. स्पीकरवर आवाज सोडला असेल तर हे आणखीच गरजेचं, कारण को-पायलट स्वतः "गिअर अप" असं उत्तर देतो, ते माइकमध्ये शिरतं आणि तोच आदेश दुसऱ्यांदा नोंदला जातो.

आवाज आणि भाषा

विंडोजच्या जुन्या स्पीच रेकग्निशनमध्ये मराठी नाही. इंग्रजी मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा पाच प्रकारांत आहे. तुमच्या को-पायलटला यातलं कोणतं चालतं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा. भारतीय इंग्रजी चालत असेल तर तेच निवडा आणि कंट्रोल पॅनेलमधलं ट्रेनिंग पूर्ण करा. ट्रेनिंगच्या वेळी बातम्या वाचल्यासारखं सावकाश, कमावलेल्या उच्चारात वाचायचं आणि उड्डाणात भरभर, आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायचं, ही चूक फार जण करतात. इंजिनानं जो आवाज शिकला त्याच आवाजात ते तुम्हाला ओळखणार. टेकऑफनंतर जसं बोलाल, तसंच ट्रेनिंगमध्ये वाचा.

हे इंजिन गप्पा समजून घेत नाही. तुमचं वाक्य ठरलेल्या यादीशी ताडून पाहतं. फ्लॅप्स म्हणजे पंखांच्या मागच्या, खाली उतरणाऱ्या पट्ट्या; त्यांच्यासाठी "जरा फ्लॅप्स फाइव्ह दे रे" म्हटलं तर पुढचे-मागचे शब्दच घात करतात. "फ्लॅप्स... अं... फाइव्ह" असं अडखळलात तर ते दोन तुकडे ऐकतं आणि दोन्ही यादीत नसतात. आधी मनात पूर्ण वाक्य, मग बटण, मग एका दमात बोलणं. बटण दाबण्याआधीच तोंड उघडलं तर पहिला शब्द कापला जातो, आणि नुसत्या "अप"चं को-पायलटनं करायचं काय? बोलून झाल्यावरही बटण क्षणभर धरून ठेवा.

ओळख नीट होत नाही म्हणून व्हॉइसअटॅकमधली किमान खात्रीची पातळी एकदम खाली आणू नका. मग खोकल्यालाही एखादा आदेश चिकटतो. थोडी कमी करा, लॉग पाहा, मगच पुढचं.

आकडे, आणि त्यातला सगळ्यात धोक्याचा

आकडे सुटे सुटे बोला: हेडिंग (विमानाची दिशा) टू एट झीरो. 'टू एटी' नको. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत इंजिनाचा गोंधळ होतोच. आपल्याकडे झीरोचा 'झ' पुष्कळदा 'ज'कडे झुकतो; तिथे थोडा जाणीवपूर्वक उच्चार केला तर फरक लगेच दिसतो. रेडिओवर ९ ला नाइनर म्हणायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, पण को-पायलटच्या यादीत नाइन आहे की नाइनर, ते आधी बघा.

आता क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरमध्ये (उंची दाखवणाऱ्या उपकरणात) लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब. समजा जुलैतली पावसाळी संध्याकाळ आहे, तुम्ही पुण्याला लोहगावच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभे आहात आणि क्यूएनएच आहे १००५. तुम्ही "वन झीरो झीरो फाइव्ह" म्हणालात, को-पायलटनं १०१५ ऐकलं आणि लावलं. जमिनीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७ फूट, म्हणजे १० च्या फरकानं सुमारे २७० फूट. आणि हा फरक वाईट बाजूचा आहे: अल्टिमीटर जास्त दाखवतो, विमान प्रत्यक्षात खाली असतं. भोवती डोंगर, ढग खाली आलेले. अशा वेळी २७० फूट ही किरकोळ गोष्ट नव्हे. पकडायला सोपं आहे. लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९४२ फुटांवर आहे. उभ्या विमानात अल्टिमीटरनं त्याच्या आसपासच दाखवायला हवं. २२०० च्या वर काही दिसलं तर को-पायलटनं चुकीचं ऐकलंय. दुसऱ्या विमानतळावरून निघत असाल तर तिथली उंची चार्टवर मिळते. ही तपासणी प्रत्येक उड्डाणात करा, आणि आकडा को-पायलटच्या उत्तरावरून ठरवू नका, अल्टिमीटरवरच पाहा.

शब्द बरोबर, विमान चूक

बोइंगमध्ये को-पायलट "पॉझिटिव्ह रेट" म्हणतो, एअरबसमध्ये "पॉझिटिव्ह क्लाइंब". बोइंगचे फ्लॅप १, ५, १५, ३० असे अंशांच्या आकड्यांत, तर ए३२० मध्ये १, २, ३ आणि फुल. काल ७३७ उडवलं, आज एअरबस घेतली आणि प्रोफाइल (त्या विमानाच्या आदेशांचा संच) कालचंच राहिलं, तर "फ्लॅप्स फुल" त्याच्या यादीतच नसणार. उड्डाणाआधी प्रोफाइलचं नाव वाचायला दोन सेकंद लागतात.

वेगही पाहावा लागतो. ए३२० मध्ये फ्लॅप १ साठी कमाल २३० नॉट, २ साठी २००, ३ साठी १८५ आणि फुलसाठी १७७. एफएस२क्रू किंवा मल्टी क्रू एक्सपिरियन्ससारखे प्रोग्राम को-पायलटचं काम समोर ठेवूनच बनवलेले आहेत. व्हॉइसअटॅक हे सर्वसाधारण साधन आहे. शब्द जुळले की कळ दाबणार, वेग २६० असला तरी. हा त्याचा दोष नाही. त्यानं फ्लॅप नाकारावेत असं वाटत असेल तर ती अट तुम्हीच लिहायला हवी.

उड्डाणाच्या टप्प्याचाही प्रश्न येतो. चेकलिस्टचा एखादा भाग सोडून दिला किंवा साठवलेलं उड्डाण थेट हवेतून सुरू केलं, तर टप्प्याटप्प्यानं चालणारा को-पायलट अजून इंजिन सुरू होण्याची वाट पाहत बसलेला असू शकतो. त्याला योग्य टप्प्यावर आणून ठेवा, मग बोला.

लॉगमध्ये सगळं ठीक, तरी काही होत नाही

इथे तीन गोष्टी पाहा. सिम्युलेटर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल आणि व्हॉइसअटॅक साधा, तर त्यानं दाबलेल्या कळा सिमपर्यंत पोचत नाहीत. दोन्ही एकाच पातळीवर चालवा. दुसरं, व्हॉइसअटॅक सक्रिय खिडकीला कळ पाठवत असेल आणि तुम्ही चार्ट बघायला ब्राउझर उघडला असेल, तर 'जी' तिथेच जाते. सेटिंगमध्ये लक्ष्य म्हणून सिमचीच खिडकी ठरवून द्या. तिसरं जरा फसवं आहे: फ्लॅप उतरायला लागतात आणि लगेच वर जातात. तुमच्या थ्रॉटलवर फ्लॅपचा लिव्हर असेल आणि तो शून्यावर असेल, तर त्याची बारीकशी थरथरसुद्धा सिमला "फ्लॅप शून्य" असं सांगते. को-पायलटला काम द्यायचं असेल तर त्या लिव्हरची जोडणी काढून टाका.

व्हॅटसिम किंवा इव्हाओवर (जिथे खरी माणसं कंट्रोलर असतात अशा ऑनलाइन नेटवर्कवर) उडत असाल तर रेडिओचं बटण आणि को-पायलटचं बटण वेगळं ठेवाच, आणि शक्य तर वेगळ्या हातावर. नाहीतर तुमचा "गिअर अप" मुंबई अप्रोचला ऐकू जातो आणि कंट्रोलरला दिलेला रीडबॅक (त्याच्या सूचनेचा पुनरुच्चार) को-पायलट आदेश समजतो.

सराव जमिनीवर, आणि एक आदेश आधीच पाठ

नवं प्रोफाइल आधी एप्रनवर तपासा. विमानाला वीज आणि हायड्रॉलिक दाब मिळाला की फ्लॅप, हेडिंग, अल्टिमीटर, दिवे असा एकेक आदेश द्या, लॉग बघा, लिव्हर बघा. चाकांचा आदेश हवेतच तपासता येईल. उड्डाणात प्रत्येक आदेशानंतर नजर त्या दर्शकाकडे गेलीच पाहिजे: चाकं खाली म्हटलं की तीन हिरवे दिवे, फ्लॅप म्हटलं की खरी स्थिती.

आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात को-पायलटशी वाद घालू नका. लोहगावला धावपट्टीच्या १००० फूट वर म्हणजे अल्टिमीटरवर सुमारे २९५०. तोवर चाकं आणि फ्लॅप जागेवर नसतील, तर आदेश तिसऱ्यांदा उच्चारत बसण्याऐवजी गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढा. थ्रस्ट लिव्हर स्वतःच्या हातानं टोगाला (इंजिनांच्या पूर्ण जोराच्या खुणेवर) न्या. ते काम आवाजावर सोडायचंच नाही. ए३२० मध्ये त्याच वेळी "गो अराउंड, फ्लॅप्स", मग चढण दिसली की "गिअर अप". हे वाक्य तुमच्या को-पायलटच्या यादीत नेमकं कोणत्या शब्दांत आहे ते निघण्याआधी पाहून ठेवा, आणि एप्रनवर घाईघाईत बोलूनही बघा, कारण खरी गरज पडेल तेव्हा आवाज असाच घाईचा असेल.