आंघोळीची खेळणी आतून स्वच्छ कशी ठेवायची

वर्षभर वापरलेलं रबरी बदक कात्रीने मधोमध कापून बघा. दोन साचे जिथे जुळतात त्या शिवणीवर काळे-करडे ठिपके दिसतील, बुडाच्या सपाट भागावर बोट फिरवलं की बुळबुळीत थर हाताला लागेल, आणि वास मोरीच्या जाळीचा येईल. बाहेरून हेच बदक रोज साबणाने धुतलं जात असतं. म्हणून घरातल्या सगळ्या खेळण्यांच्या आधी, ज्यांच्या बुडाला भोक आहे त्यांच्याकडे लक्ष द्या.

स्वित्झर्लंडच्या ईवाग या जलसंशोधन संस्थेने तिथल्याच इटीएच झुरिक या विद्यापीठाच्या आणि अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर घराघरांतून जमवलेली 19 खेळणी कापून तपासली. 2018 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आतल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला जंतूंच्या 50 लाख ते साडेसात कोटी पेशी होत्या आणि निम्म्याहून जास्त खेळण्यांत बुरशी होती. नळाच्या पाण्यात जंतूंना पुरेल एवढं अन्न नसतं. ते मिळतं मऊ प्लास्टिकमधून झिरपणाऱ्या कार्बनी पदार्थांतून, आणि जोडीला साबण, घाम, मळ, कधी लघवी असतेच. प्लास्टिक जितकं मऊ आणि स्वस्त, तितकी ही सोय अधिक. मूल बदक दाबून तोंडावर पिचकारी उडवतं तेव्हा हेच पाणी डोळ्यांत, कानांत आणि पोटात जातं.

रोजचं काम: पाणी काढणं

आंघोळ आटोपली की प्रत्येक खेळणं भोक खाली धरून चार-पाचदा दाबा, झटका द्या, पुन्हा दाबा. बाळाला पुसायच्या आधीच हे केलं तर विसरत नाही. मग खेळणी जाळीच्या पिशवीत घालून न्हाणीघराबाहेर टांगा. वॉशिंग मशीनमध्ये कपडे टाकायची जाळीची पिशवी यासाठी उत्तम, कारण तिची वीण बारीक असते आणि मुलांची बोटं अडकत नाहीत. गिझरच्या वाफेने भरलेल्या न्हाणीत, टबाच्या तळाशी किंवा झाकणाच्या डब्यात ठेवलेलं खेळणं वाळतच नाही. एक-दोन मिलिमीटरच्या भोकातून हवा फारशी खेळत नसल्याने आतला ओलावा दोन-तीन दिवसही टिकतो. वाळलं का, हे बघायला भोक कोरड्या वर्तमानपत्रावर टेकवून जोरात दाबा. कागदावर ओला ठिपका उमटला तर अजून वाळू द्या.

यावर सर्वात सोपा उपाय म्हणजे पाळी लावणं. एका वेळी टबात दोन-तीनच खेळणी द्या, बाकीची वाळत राहू द्या.

नागपुरात वाळवण्याचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, पण कुलर लावलेल्या खोलीत ओलावा भरपूर असतो. कुलरसमोर टांगलेली खेळणी वाळत नाहीत, ती बाल्कनीत सावलीत टांगा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका. मऊ प्लास्टिक चिकट होतं, रंग उडतो, शिवण उकलते आणि त्या फटीतून पुढे आणखी पाणी शिरतं. सकाळचं कोवळं ऊन पुरे. पावसाळ्यात झड लागली की भोक वर आणि भोक खाली असं आलटून पालटून पंख्याखाली ठेवा. तरीही वाळत नसतील तर ते चार महिने भोकाची खेळणी उचलून ठेवा आणि पेले, होड्या, गाळणी द्या. मुलांचं त्यात काही अडत नाही.

आठवड्याची धुलाई

एक लिटर कोमट पाण्यात छोटा चमचाभर (5 मिली) भांडी घासायचं लिक्विड घाला. खेळणं पाण्याखाली दाबून सोडा, म्हणजे ते साबणपाणी आत ओढून घेईल. अर्धं भरलं की भोकावर बोट ठेवून अर्धा मिनिट खळखळून हलवा आणि मोरीत पिळा. बाहेरच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासा. नंतर साध्या पाण्याने फेस जाईपर्यंत तीनदा तरी आतून खंगाळा. साबण राहिला तर तोही जंतूंचं खाद्यच.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरांत खेळण्यांवर पांढरा खडबडीत थर चढतो. हे क्षार असतात, आणि त्यांच्या खडबडीतपणावर बुरशी लवकर धरते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवा आणि ब्रशने घासा. व्हिनेगर क्षारांवर चांगलं काम करतं. जंतू मारायला त्याच्यावर विसंबू नका.

निर्जंतुक करायचं असेल तर

महिन्यातून एकदा, किंवा मुलाला जुलाब वा त्वचेचा संसर्ग होऊन गेल्यावर, ब्लीच वापरा. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट साधारण 5 टक्के लिहिलेलं हवं आणि त्यात सुगंध नको. एक लिटर थंड पाण्यात 20 मिली घाला. खेळणं आधी साबणाने धुतलेलंच हवं, कारण मळ असला की ब्लीचचा जोर त्या मळावरच खर्च होतो. द्रावण आत भरून 10 मिनिटं ठेवा, तोंडापासून लांब धरून पिळा, भरपूर पाण्याने आतबाहेर धुवा आणि वास जाईपर्यंत वाळवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, मूल दुसऱ्या खोलीत असू द्या.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरमधल्या आम्लाबरोबरही तेच होतं. क्षार काढायचे असतील तर ते वेगळ्या दिवशी काढा. गरम पाणीही नको, त्याने ब्लीच निकामी होतं. उष्णतेने बंद बाटलीतलं ब्लीचही हळूहळू मरतं, त्यामुळे मे महिनाभर बाल्कनीत राहिलेल्या बाटलीवर भरवसा ठेवू नका.

इथे एक फसगत होते. ब्लीचने बुरशीचा काळा रंग उडतो, पण भिंतीला चिकटलेला थर तसाच राहू शकतो. दिसायला स्वच्छ झालेलं खेळणं आतून स्वच्छ असेलच असं नाही. बादलीत अँटिसेप्टिकचं एक झाकण टाकल्यानेही हा थर निघत नाही. आणि जे तोंडात जाणार त्याला फिनाइल लावायचंच नाही.

उकळणं फक्त सिलिकॉनच्या खेळण्यांसाठी, पाच मिनिटं. मऊ पीव्हीसी प्लास्टिक उकळलं की वाकतं आणि शिवण सुटते.

बाकीची खेळणी

फोमची अक्षरं पाणी शोषतात. पिळून ताटात सुटी पसरा, एकावर एक नको, आणि तुकडे निघू लागले की टाका. बॅटरीची खेळणी बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना ते दर वेळी बघा. बटण सेल गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं. एकात एक बसणारे पेले सुटे करूनच वाळवा.

बाल्कनीत राहिलेला टब, बादली, पेले आणि कुलरच्या टाकीत मुलांनी सोडलेली खेळणी यांचा वेगळा धोका आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ती पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटून कोरडीही महिनोनमहिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा नुसतं पाणी ओतू नका, कडा घासून घ्या.

भोक बुजवावं का?

कोऱ्या, कधीही न भिजलेल्या खेळण्याचं बुजवता येतं. सिलिकॉन सीलंटचा थेंब भोकात भरा, 24 तास सुकू द्या, मग पाण्याखाली दाबून बुडबुडे येतात का बघा. वापरलेलं खेळणं बुजवलं तर आतला ओलावा कायमचा कोंडला जातो. चावरं बाळ असेल तर हा उपाय टाळा, सुटलेला बुच घशात अडकू शकतो. भोकात बसवलेली शिटी सैल झाली असेल तर ते खेळणं त्याच दिवशी काढून टाका. दाबल्यावर काळे कण निघाले, धुऊनही वास राहिला किंवा प्लास्टिक चिकट झालं, तरीही तेच करा.

नवीन घेताना, मग ते नागपुरातल्या सीताबर्डी बाजाराच्या फुटपाथवरून असो की मॉलमधून, आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. आणि शक्यतो बिनभोकाची, किंवा दोन भागांत उघडून आतून पुसता येणारी खेळणी घ्या.