अ‍ॅलर्जी घेऊन परदेशी जाताय? या चुका टाळा

"यात शेंगदाणे नाहीत ना?" परदेशातल्या एका हॉटेलात मी वेटरला विचारलं. त्यानं हसून मान हलवली आणि मी घास घेतला. जिभेला मुंग्या आल्या तेव्हा उमगलं, वर पेरलेले दाणे नव्हतेच, ते वाटून सॉसमध्ये गेले होते. तो खोटं बोलला नव्हता. माझा प्रश्नच चुकला होता.

'ना' लावून विचारलेल्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरच्यानं फक्त मान डोलवायची असते. भाषा अर्धीमुर्धी कळत असेल, पाहुण्याचं मन मोडायचं नसेल, तर तो ती डोलवतोच. म्हणून हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असं विचारा. सॉस कशाचा आहे? दाटपणा कशानं आणलाय? कशात तळता, आणि त्याच तेलात आणखी काय काय तळता? वेटर उत्तराआधी स्वयंपाकघरात जाऊन आला तर मला बरं वाटतं. जागचं न हलता "नो प्रॉब्लेम" म्हणणाऱ्याकडे मी पाण्यापलीकडे काही घेत नाही.

दुसरी चूक मोबाइलवरच्या अनुवादाची. शेंगदाण्याला स्पॅनिशमध्ये एकच शब्द नाही: स्पेनमध्ये 'काकाउएते', मेक्सिकोत 'काकाउआते' आणि दक्षिण अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'मानी'. अ‍ॅप यातला एक शब्द देऊन मोकळं होतं. इंग्रजीतही 'नट्स' म्हटलं की अनेकांना शेंगदाणा आठवत नाही, कारण तो झाडावरचा नाही. ब्रिटिश वळणाच्या लेबलांवर तो 'ग्राउंडनट' होतो आणि काही मलमांवर, औषधांवर 'अ‍ॅराकिस ऑइल'. त्या देशातल्या कुणाकडून तरी मजकूर तपासून घ्या आणि कार्ड छापून न्या. त्यावर पदार्थाचं नाव पुरत नाही. पीठ, तेल, पेस्ट चालत नाही, तीच कढई किंवा चिमटा चालत नाही आणि खाल्लं तर जीव धोक्यात येतो, हे सगळं स्पष्ट असू द्या. नाहीतर 'हिला आवडत नाही' एवढाच अर्थ आत पोचतो. चार-पाच प्रती ठेवा. आत गेलेलं कार्ड परत येतंच असं नाही.

लेबलांच्या बाबतीत तर जुने-जाणतेही फसतात. वेष्टन ओळखीचं, ब्रँड रोजचा, म्हणून मागची बारीक अक्षरं वाचायची नाहीत, ही सवय सोडा. तोच ब्रँड दुसऱ्या देशात दुसऱ्या कारखान्यात, वेगळ्या घटकांनी बनत असू शकतो. कायद्याची यादीही सीमेपाशी बदलते. युरोपीय संघात डिसेंबर 2014पासून 14 अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ) घटकांच्या यादीत ठळकपणे दाखवावे लागतात आणि हॉटेलांनाही त्यांची माहिती द्यावी लागते. अमेरिकेच्या संघीय यादीत 9 आहेत. मोहरी आणि सेलरी युरोपच्या यादीत आहेत, अमेरिकेच्या नाहीत, त्यामुळे तिथे मोहरी नुसत्या 'स्पाइसेस' या शब्दामागे लपू शकते. कोळंबी-खेकडा अमेरिकेच्या यादीत आहे, शिंपले-कालवं नाहीत. जपानमध्ये सक्तीच्या यादीत बकव्हीट (कुट्टू) आणि अक्रोड आहेत.

कायदा आला म्हणजे सुटलो, असंही नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023पासून तीळ यादीत आले. तिळाचा कण न् कण बाजूला ठेवणं अवघड, म्हणून काही बेकऱ्यांनी पावात मुद्दाम तिळाचं पीठ घालून तसं लेबलवर लिहून टाकलं. नियम पाळला गेला आणि काल चालणारा पाव आज चालेनासा झाला.

'यात अमुकचा अंश असू शकतो' ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक असते. ती छापलेली नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. 'ग्लूटेन-फ्री' म्हणजे गहू नाही, असंही समजू नका: ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन, ते काढलेला गव्हाचा स्टार्च त्यात असू शकतो. ग्लूटेन न सोसणाऱ्या सीलिअ‍ॅकवाल्याला तो चालेल, गव्हाच्या अ‍ॅलर्जीवाल्याला नाही. 'व्हीगन' पदार्थात क्रीमच्या जागी बऱ्याचदा काजू येतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर युरोपात 'ल्युपिन' हा शब्दही शोधा. ही शेंगदाण्याच्याच कुळातली शेंग, तिचं पीठ पाव-पेस्ट्रीत वापरतात आणि काहींना तिचीही रिअ‍ॅक्शन येते.

औषधाच्या चुका मात्र महागात पडतात. अ‍ॅड्रिनलिनचं पेन (जीवघेण्या अ‍ॅलर्जीत स्वतः टोचून घ्यायचं इंजेक्शन) चेक-इन बॅगेत टाकू नका, विमानात डोक्यावरच्या कप्प्यातही नको, हाताशी ठेवा. दोन पेनं सोबत आणि एकत्र. एक खिशात, एक हॉटेलवर, ही वाटणी कामाची नाही. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, उन्हातल्या गाडीत तर नाहीच. डॉक्टरांच्या पत्रात औषधाची दोन्ही नावं असू द्या, कारण अमेरिकेत त्यालाच 'एपिनेफ्रिन' म्हणतात. अनेक देशांत असं पेन विकतच मिळत नाही, तेव्हा मुक्कामाला पुरतील एवढी घरूनच न्या आणि मुदत पाहून न्या.

आणि सगळ्यात घातक चूक: श्वास लागलाय, घसा आवळतोय, तरी आधी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन बघू म्हणणं. गोळीनं खाज, पित्त उठणं कमी होईल, अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर पसरणारी जीवघेणी रिअ‍ॅक्शन, थांबत नाही. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच. मग आडवं व्हा (श्वासाचा त्रास असेल तर टेकून बसा), उठून चालू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. युरोपीय संघात 112, अमेरिकेत 911, जपानमध्ये 119, ऑस्ट्रेलियात 000. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परतू शकतात.

प्रवासात माणूस सावध असतो. राहायला गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ढिला पडतो. विम्याच्या अर्जात अ‍ॅलर्जी लिहायची राहते, मग दावा अडतो. पेनची मुदत संपत येते आणि तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवलेलं नसतं. सामायिक स्वयंपाकघरात आपला डबा वेगळा असतो, पण टोस्टर, लाकडी डाव आणि भांडी घासायचा स्पंज सगळ्यांचा. माझा स्पंज वेगळ्या रंगाचा आहे, तरी कुणीतरी तो वापरतंच. मग बदलते, भांडत नाही.

सुई नसलेलं ट्रेनर पेन मिळतं, ते मात्र दाराजवळच टांगलंय. घरी पहिल्यांदा आलेल्याच्या हातात आधी ते देते आणि स्वतःच्या मांडीवर टेकवून बघायला लावते. बहुतेक जण हसत हसत उलट्या बाजूनं धरतात.