रविवारी विहीणबाई जेवायला: शनिवारी रात्री पुरण, सकाळी पोळ्या

पुरणपोळीचा बेत फसतो तो बहुधा पोळी लाटताना नव्हे. सगळं एकाच सकाळी उरकायला गेलं की फसतो. डाळ शिजतेय, पुरण वाटायचंय, कणीक भिजवायचीय, तेवढ्यात अकराला बेल वाजते आणि गरम पुरणाचे उंडे भरायची वेळ येते. पोळी फुटली की बोल कणकेला लागतो, पण पुरण निवालेलंच नसतं. नोकरी सांभाळून आठ-दहा माणसांना पुरणाचं जेवण घालायचं असेल तर काम दोन दिवसांत वाटून घ्या. पुरण आदल्या रात्री झालंच पाहिजे. रात्रभर मुरलेलं पुरण सकाळी घट्ट, एकसारखं आणि हाताळायला सोपं असतं.

आधी माणसं मोजा. माणशी दोन पोळ्या धराव्यात, तरुण पोरांना तीन. दहा जणांना अर्धा किलो हरभऱ्याची डाळ पुरते: त्यात मध्यम आकाराच्या बावीसेक पोळ्या होतात. गूळही अर्धा किलो. गोड कमी खाणारं घर असेल तर ४०० ग्रॅम घ्या, पण त्याखाली जाऊ नका. गूळ कमी पडला की पुरण मिळून येत नाही, भुसभुशीत राहतं आणि लवकर आंबतं. वजनकाटा नसेल तर वाटीला वाटी, गूळ बारीक चिरून दाबून भरलेला. गूळ साधा पिवळा किंवा तांबूस घ्या. चिक्कीचा गूळ चालणार नाही. त्याचं पुरण थंड झाल्यावर ओढल्यासारखं चिवट होतं आणि पोळीतून कडक लागतं. अर्धा गूळ, अर्धी साखर घालणारी घरं आहेत. रंग छान पिवळा येतो, पण गुळाचा खमंगपणा जातो. पाहुण्यांच्या घरची सवय माहीत असेल तर तसं करा, नाहीतर गूळच बरा.

शनिवार, संध्याकाळी सात. डाळ तीन-चार पाण्यांनी धुऊन तासभर भिजत घाला. कुकरमध्ये थेट शिजवायची तर डाळीच्या तिप्पट पाणी, चमचाभर तेल, पाव चमचा हळद. मीठ नाही, आणि गूळ तर मुळीच नाही: गूळ आधी पडला की डाळ कितीही उकळली तरी दाणा कचरट राहतो. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, हरभऱ्याची डाळ फेसाळते आणि शिट्टीतून पिवळं पाणी ओट्यावर येतं. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं. झाकण आपोआप पडेपर्यंत थांबा. डाळीचा एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबला की त्याचं पीठ झालं पाहिजे, मध्ये पांढरी कणी नको. एवढ्यानं शिजली नाही तर डाळ जुनी आहे किंवा बोअरचं जड पाणी आहे. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरलं तर फरक पडतो. खाण्याचा सोडा टाकून वेळ मारून नेऊ नका, डाळ लिबलिबीत होते आणि चव उतरते.

आता चाळणी. डाळ उपसून चाळणीत घाला, खाली मोठं पातेलं ठेवा आणि चक्क अर्धा तास तिकडे बघू नका. खाली पडतो तो कट, आमटी त्याचीच. वर राहते ती डाळ जितकी कोरडी, तितकं पुढचं काम कमी. ओली डाळ गुळात पडली की पुरण आटवायला दुप्पट वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गूळ जास्त शिजून पाकावर येतो. मग रात्री मऊ वाटलेलं पुरण सकाळी दगड होतं.

निथळलेली डाळ जाड बुडाच्या पातेल्यात घेऊन पळीच्या पाठीनं थोडी घोटा, गूळ घाला. पहिली पाच-सात मिनिटं सगळं सैल, जवळजवळ पातळ होईल. घाबरून बेसन वगैरे टाकू नका. मध्यम आचेवर तळापासून ढवळत राहा. वीसेक मिनिटांत ते भांड्याची कड सोडायला लागतं. फुगे फुटून पुरण अंगावर उडतं आणि साखरपाकासारखं चिकटून भाजतं, म्हणून लांब दांड्याचा कालथा आणि पूर्ण बाह्यांचा कपडा. कालथा पुरणात मधोमध उभा करा. न कलंडता उभा राहिला की गॅस बंद. इथे एक मिनिट आधी थांबलेलं परवडतं, दोन मिनिटं उशीर परवडत नाही, कारण गरम पुरण दिसतं त्याहून निवल्यावर बरंच घट्ट होतं. गॅस बंद केल्यावर आठ-दहा वेलदोड्यांची पूड, अर्धं जायफळ किसून, आवडत असेल तर अर्धा चमचा सुंठ आणि चिमूटभर मीठ.

पुरण वाटायचं ते गरम असतानाच. पुरणयंत्राला सगळ्यात बारीक भोकांची जाळी लावा, परातीत घट्ट बसवा आणि दोन-दोन डाव पुरण घालून फिरवा. गार पुरण यंत्रातून उतरत नाही, हाताची मनगटं मात्र उतरतात. यंत्र नसेल तर पुरण पिठाच्या नव्हे, थोड्या मोठ्या चाळणीवर वाटीनं घासून काढा. मिक्सर शेवटचा उपाय, आणि तोही गूळ घालण्यापूर्वी: निथळलेली डाळ थांबत-थांबत फिरवून घ्या, मग गुळात शिजवा. गुळासकट मिक्सरमध्ये टाकलं की पात्यांभोवती लगदा बसतो. वाटणात एखादी अख्खी डाळ राहिली तर ती उद्या लाटण्याखाली पारी, म्हणजे पुरणाभोवतीचं कणकेचं आवरण, फाडणार, हे नक्की. वाटलेलं पुरण परातीत पसरून पूर्ण निवू द्या, मग झाकून फ्रिजमध्ये. कटही फ्रिजमध्येच, बाहेर ठेवला तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबतो.

रविवारी सकाळी नऊला कणीक. साडेचारशे ग्रॅम गव्हाचं पीठ, अगदी बारीक दळलेलं, मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळून. कोंडा राहिला तर पारी ताणताना तिथेच भोक पडतं. पोळ्यांची सवय नसेल त्यांनी यातलं १०० ग्रॅम पीठ काढून तेवढा मैदा घालावा, पारी जास्त ताणते. सगळा मैदा मात्र नको, निवल्यावर पोळी वातड होते. अर्धा चमचा मीठ, चिमूट हळद, दोन चमचे तेल, आणि पाणी सुमारे ३०० मिली, अंदाज घेत. रोजच्या पोळीपेक्षा कणीक बरीच सैल हवी, हाताला चिकटणारी. मग पाव वाटी तेल थोडंथोडं घालत दहा मिनिटं तिंबायची: उचलायची, आपटायची, दुमडायची. चांगली तिंबलेली कणीक ओढली की तुटत नाही, लांबत जाते. वर तेलाचा हात फिरवून दोन तास झाकून ठेवा. हे दोन तास चुकवून भागत नाही. न मुरलेली कणीक लाटली की आखडते, आणि आखडणारी पारी पुरणाला मध्यातच कोंडते.

सगळ्या पाककृतींत लिहिलेलं नसतं ते इथे: कणीक आणि पुरण बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजेत. एका हाताच्या बोटानं कणीक दाबा, दुसऱ्या हाताच्या बोटानं पुरण. कणीक घट्ट असेल तर पुरण कडेपर्यंत जात नाही, पोळीला दोन बोटं कोरी कणकेची कड राहते. पुरण घट्ट असेल तर ते पारी फाडून बाहेर येतं. म्हणून पुरण साडेदहालाच फ्रिजबाहेर काढून ठेवा आणि हातानं चांगलं मळून घ्या. कोरडं वाटलं तर दोन चमचे कोमट दूध. सैल वाटलं तर कढईत परतून पुन्हा निववा. वेळच नसेल तर चमचा-दोन चमचे कोरडं भाजलेलं बेसन मिसळा, पोळीत ते कळत नाही.

मधल्या वेळात आमटी. चार वाट्या कट, त्यात पुरणाचा लिंबाएवढा गोळा विरघळवून. अर्धी वाटी सुकं खोबरं आणि चमचाभर जिरं भाजून वाटलेलं, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चमचे गोडा मसाला, तिखट, मीठ. फोडणीला मोहरी, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची. दहा मिनिटं उकळू द्या. कटाची आमटी पातळच असते, भुरकायची असते. दाट झाली की ती डाळ झाली. कट कमी निघाला तर गरम पाणी घाला, संकोच नको.

पावणेबाराला तवा ठेवा. बिडाचा किंवा जाड लोखंडी, सपाट. लिंबाएवढी कणीक, तिच्या दीडपट पुरण. हात बसला की दुप्पट. वजनात सांगायचं तर साधारण ३५ ग्रॅम कणकेला ६० ग्रॅम पुरण. कणकेची वाटी करताना मध्य जाड आणि कडा पातळ ठेवा, कारण कडा गोळा होऊन वर आल्या की तिथे दुप्पट थर होतो. पुरण ठेवा, डाव्या हाताच्या अंगठ्यानं ते आत दाबत उजव्या हातानं पारी वर चढवत न्या, तोंड मिटा आणि वर उरलेलं कणकेचं शेपूट तोडून टाका. ते तसंच दाबलं तर पोळीच्या मधोमध कच्ची टिकली राहते.

लाटताना तांदळाची पिठी. ती कणकेत शोषली जात नाही, उंडा पोळपाटावर सरकता राहतो. उंडा आधी तळहातानं दाबून चपटा करा, मिटलेलं तोंड खाली. लाटणं हलक्या हातानं कडेकडेनं फिरवा. मध्ये जोर दिला की पुरण एका बाजूला पळतं. पोळपाटावर सुती फडकं घट्ट बांधलं तर पोळी चिकटत नाही, उचलताना लाटण्यावर अलगद गुंडाळता येते. दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात जी तेलपोळी करतात तिला पिठी नाहीच. कणीक आणखी सैल, तेलात बुडालेली, आणि केळीच्या पानावर किंवा जाड प्लॅस्टिकवर तेल लावून लाटायची. ती पातळ आणि मऊ होते, पण पहिल्याच खेपेला पाहुण्यांसमोर तो प्रयोग नको. खान्देशातले मांडे तर लाटण्याशिवाय, दोन्ही हातांवर फिरवत मोठे करून पालथ्या खापरावर भाजतात. ते पाहून शिकायचं काम आहे, वाचून नव्हे.

तव्यावर टाकण्यापूर्वी वरची पिठी झटका. आच मध्यम. वरच्या बाजूला बारीक फोड दिसले की उलटा, मग दुसरी बाजू तांबूस ठिपके येईपर्यंत, मग तूप सोडून पुन्हा पहिली. तीनदा उलटणं पुरे. सारखी खालवर केली की फाटते, आणि मंद आचेवर रेंगाळली की कडक होते. दर दोन पोळ्यांनी तवा ओलसर फडक्यानं पुसा, नाहीतर जळलेल्या पिठीचे काळे कण पुढच्या पोळीला चिकटतात. फडकं हातात नको, चिमट्यात धरा. एका पोळीला तीन मिनिटं, म्हणजे एका तव्यावर बावीस पोळ्यांना तास-सव्वा तास लागतो. दुसरा तवा असेल तर एकानं लाटावं, एकानं भाजावं. एखादी फुटलीच तर फुटल्या जागी पिठीची चिमूट दाबा, ती बाजू आधी भाजा आणि ती पोळी घरच्यांच्या ताटात घाला.

झालेल्या पोळ्या गरम असताना एकावर एक रचू नका, वाफेनं ओल्या होतात. सुती कापडावर पसरा, कोमट झाल्या की रचा. वाढायच्या आधी प्रत्येक पोळी दहा सेकंद तव्यावर फिरवली की ताजी.

ताटात काय सोबत द्यायचं, हे विहीणबाई कुठल्या आहेत त्यावर. विदर्भातल्या असतील तर तुपाची वाटी वेगळी ठेवा, आणि वाटी म्हणजे वाटीच. पोळीवर सोडलेल्या चमचाभर तुपाला तिकडे कोणी तूप म्हणत नाही. त्यांच्यासाठी पोळी थोडी जाड, पुरण ठासून. सोलापूर-मराठवाड्याकडच्यांना गुळवणी, म्हणजे गुळाचं गोड पाणी, आवडते. पुण्याकडे कोमट दूध. खान्देशी माणसाला उन्हाळ्यात आमरस दिला की बाकी काही विचारायलाच नको. अंदाज नसेल तर दूध, तूप, आमटी तिन्ही ठेवा. बाकी ताट हलकं असावं: बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, कुरडई-पापड, आणि शेवटी आमटीशी खायला भात. कांदाभजी हवीतच असं घरात कोणी म्हणालं तर त्यालाच तळायला उभं करा. मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांसाठी आधीच दोन-चार छोट्या, तळहाताएवढ्या पोळ्या लाटून ठेवा. "मला नको" म्हणताना त्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

निघताना डबा देणार असाल तर त्यातल्या पोळ्या वेगळ्या भाजा: तूप कमी, थोड्या जास्त खरपूस, पूर्ण निवलेल्या, मध्ये कागद घालून. थंडीत दोन दिवस बाहेर टिकतात, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्येच. उरलेलं पुरण फ्रिजमध्ये चार दिवस चांगलं राहतं. आमटीचं पातेलं मात्र रात्री एकदा उकळून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती भाताबरोबर जास्त चांगली लागते, आणि तेव्हा पाहुणेही नसतात.