संत्र्याचं कलम घेताना आधी खुंट विचारा

अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत गेलं की आपण कलमाची उंची बघतो, पानं बघतो, भाव करतो. खुंट, म्हणजे कलमाचं खालचं मुळांचं झाड, कोणता, हे मात्र क्वचितच विचारतो. नागपुरी संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी असलेला सालीचा तुकडा, साधारण जंबेरी या जाड सालीच्या लिंबावर नाहीतर रंगपूर लिंबावर भरलेला असतो, आणि पुढची बरीच वर्षं फळ कसं येणार ते तिथंच ठरतं.

जंबेरीची मुळं पाणी जोमानं ओढतात. झाड झपाट्यानं वाढतं, फळ मोठं होतं. पण साल जाडसर, रस पातळ आणि गोडी बेताची. शिवाय तोडणी लांबली की फोडी कोरड्या पडू लागतात. अशा झाडावर भावाची वाट बघत फळ ठेवणं माझ्या मते जुगारच. रंगपूर लिंबावर पाण्याचा ताण आणि चुनखडीची जमीन जास्त निभावते, खोडातून डिंक गळण्याचा रोग, डिंक्याही जंबेरीपेक्षा कमी त्रास देतो.

तोडणीआधी दोन-चार झाडांची फळं कापून चाखा. नुसत्या रंगावर जाऊ नका. संत्र आंब्यासारखं अढीत पिकत नाही. तोडल्यावर गोडी वाढत नाही. बागेत दोन्ही खुंटांची झाडं असतील तर ओळींना खूण करून तोडा वेगवेगळा करा.

आणि हो, डोळा जमिनीपासून किमान 9 इंच वर भरलेला हवा. लावताना तो जोड मातीत गाडला, तर चांगला खुंट घेऊनही डिंक्याला आवतण.